वरचे, खालचे आणि आत्या

आमच्या घरात दोन गंगापूर होती. एक धरणाचं, नाशिकच्या वरच्या अंगाला, गोदावरीवर मातीचा बांध घालून झालेलं. दुसरं आत्याचं, तिकडे मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. कुणी बाहेरून येऊन "गंगापूरला चांगला पाऊस झाला म्हणे" असं म्हणालं की आजी सुपातलं निवडणं थांबवून विचारायची, "कोणत्या? धरणाच्या का आत्याच्या?" धरणाच्या गंगापूरला पाऊस म्हणजे नाशिकच्या नळांना वर्षभराचं पाणी. आत्याच्या गंगापूरला पाऊस म्हणजे दिवाळीला आत्या येणार, येताना येसराचा डबा आणि नव्या बाजरीचं पीठ आणणार. आजीचा जीव दुसऱ्या बातमीत अडकलेला असायचा.

दोन्ही गंगापुरांची नदी एकच. आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" म्हणजे रामकुंडावर, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ब्रह्मगिरीवर निघून राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळेपर्यंत ती १,४६५ किलोमीटर चालते. त्यातला आमच्या घराण्याच्या वाट्याला आलेला तुकडा अगदी वरचा नि लहानसा. माथ्याला इगतपुरी, मग नाशिक, मग निफाड तालुक्यातलं आमचं गाव, आणि खाली आत्याचं सासर. पण महाराष्ट्रातल्या पाण्याचं सगळ्यांत कडू भांडण नेमकं याच तुकड्यात आहे, आणि ते मी वर्तमानपत्रात वाचायच्या आधी स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे.

आजोबा, म्हणजे आमचे तात्या, पाटकरी होते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. तात्यांची नोकरी डाव्या कालव्यावर. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथं हा बंधारा आहे. आता तो पक्ष्यांसाठी प्रसिद्ध झालाय, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव लागलं. पण तात्यांच्या लेखी तिथल्या करकोच्यांपेक्षा दारं महत्त्वाची होती. इंग्रजांनी हे कालवे दुष्काळाच्या धाकानं काढले. १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. नगर-नाशिकच्या कोरड्या पट्ट्यात पुन्हा माणसं मरू नयेत म्हणून बंधारा झाला, कालवे झाले, आणि त्यांना वरून पाणी पुरवायला इगतपुरी तालुक्यात दारणा धरण बांधलं गेलं. ते १९१६ साली पुरं झालं. आमचे पणजोबा दारणेवर दगड वाहायला गेले होते, असं तात्या सांगायचे. पणजी मात्र म्हणायची, ते दारणेवर नव्हे, भंडारदऱ्यावर गेले होते. भंडारदरा १९२६ चं, प्रवरेवरचं. दोघांपैकी खरं कोण, हे आता विचारायला कुणी उरलं नाही. दगड वाहिले आणि तिथून येताना पितळेचा एक तांब्या आणला, एवढं नक्की. तो तांब्या माझ्याकडे आहे.

सुरुवातीला म्हणे लोक पाटाचं पाणी घ्यायला राजी नसत. पाणीपट्टीचं भय, आणि जमीन चोपण होईल ही भीती. ती भीती काही ठिकाणी खरीही ठरली. निफाड-कोपरगावच्या शिवारात पांढरी पडलेली रानं मी लहानपणी पाहिली आहेत. पण मग ऊस आला, गुऱ्हाळं आली, साखर कारखाने आले आणि पाण्याला कोण नाही म्हणणार? ज्या पाण्याकडे लोक पाठ फिरवत होते, त्याच पाण्याच्या पाळीसाठी रात्री कुऱ्हाडी निघायला लागल्या. तात्यांनी हे दोन्ही काळ पाहिले.

त्यांची एक रीत होती. कालव्याला आवर्तन सुटलं की ते कुणाच्याही घरी काही खात नसत. चहा नाही, गूळ-पाणी नाही. आजी पहाटे बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून द्यायची, आणि पाणी त्या पितळी तांब्यातलं, घरचं. बाकीच्या दिवसांत हेच तात्या दारादारांत बसून हुलग्याचं माडगं ओरपायचे. आवर्तनात ज्याचं खाल्लं, त्याची पाळी अर्धी घटका लांबते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सायकलच्या दांडीला बांधलेला कंदील आणि मुंडाशाला येणारा ओल्या मातीचा वास मला अजून आठवतो.

माझं आजोळ बागलाणात. तिथली गोष्टच वेगळी. मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर जुने बंधारे आणि फड पद्धत. धुळे-नाशिककडची ही पद्धत काही शतकांची आहे आणि ती सरकारनं नव्हे, गावानं चालवलेली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार, आणि दरसाल पीक फिरवायचं. पाणी मोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. सगळे गावाचे नोकर, पगार धान्यात. माझे आजोळचे आजोबा पंचांत बसायचे. ते सांगायचे त्यातली एक गोष्ट मला मोठेपणी उमगली. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडलं की पंच एक अख्खा फड कोरडा सोडत. मग कुणा एकाचं वाटोळं होत नसे, थोडं थोडं सगळ्यांचं जाई. आणि फडाचं हे सगळं ठरायचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बागलाणात, खानदेशात आखाजी म्हणजे केवढा सण! लेकी माहेरी आलेल्या, झाडांना झोके, खापरावरचे मांडे नि आमरस. मांड्यांच्या घाईत बायका, आणि ओट्यावर पुरुषांची पाण्याची बैठक. बाहेर वैशाखाचं ऊन. पावसाचा अजून पत्ता नाही.

इथं थोडं विषयांतर करते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तरुणपणी, १८८४ साली, मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले ते याच नाशिक-खानदेशच्या भागात. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी 'ब्लॉक' पद्धत बसवली. एकाच्याच उसाला सगळं पाणी न देता गावोगावी ठरावीक पट्ट्यांना फिरतं पाणी द्यायचं. आजोळच्या आजोबांची पक्की समजूत होती की साहेबानं ही अक्कल आमच्या फडावरून उचलली. याला पुरावा काहीच नाही. पण धुळ्याकडे फिरलेला एवढा मोठा माणूस फड न पाहता कसा राहील, असं ते विचारायचे, आणि मला अजून त्यांना खोटं म्हणवत नाही.

आत्याचं लग्न झालं तेव्हा तिच्या सासरचं गाव गोदावरीच्या काठावर होतं. अगदी काठावर, म्हणजे घाटाच्या पायऱ्या उतरल्या की पाणी. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत टरबुजं लावायची, आणि ती इतकी गोड की आजी बी जपून ठेवायची. खाली थोड्या अंतरावर नाथांचं पैठण. रामेश्वराला नेण्यासाठी आणलेलं गंगेचं पाणी नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलं ही गोष्ट मला आत्यानंच सांगितली, भाकरी थापता थापता. "कावड रामेश्वराला पोचली असं देवानं तिथंच मानलं बघ," ती म्हणायची.

मग जायकवाडी आलं. धरण मुळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी व्हायचं होतं. जागा बदलून ते पैठणला आलं, नाव मात्र तेच राहिलं. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. मराठवाड्याला पाणी मिळावं म्हणून शंकरराव चव्हाणांनी या धरणामागे आपली सगळी ताकद लावली होती, आणि आत्याच्या सासऱ्यांच्या मनात त्यांच्याबद्दल शेवटपर्यंत आदर होता. आपलंच घर बुडणार हे कळल्यावरही. १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. या धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, एकूण साठा शंभर टीएमसीच्या वर, त्यातला वापरता येणारा सुमारे ७६. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माझ्या हिशेबाच्या पलीकडचं आहे, पण तुलनेला सांगते: आमचं नाशिकचं गंगापूर धरण आज जेमतेम साडेपाच टीएमसीचं आहे.

त्या सागराखाली शंभराहून अधिक गावांची शिवारं गेली. आत्याचंही गाव गेलं. घाट, टरबुजांची वाळू, मारुतीचं देऊळ. मधल्या काळात ७२ चा दुष्काळ पडला. आत्यानं खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी केल्या. त्या भाकरी थापताना तुटायच्या, ते सांगताना ती हाताचे पंजे पसरून दाखवायची. पुढे त्यांना त्याच तालुक्यात वरच्या माळावर जमीन मिळाली. मुरमाड. धरणासाठी जमीन देणारे धरणाच्या वरच्या बाजूला फेकले गेले की त्यांना त्या धरणाच्या कालव्याचं पाणी मिळत नाही, कारण कालवे खालच्या अंगाला निघतात. हे साधं भूगोलाचं सत्य आत्याच्या घरानं पोटावर सोसलं. पाणी घरापासून दिसायचं. शेतात यायचं नाही. दुष्काळात साठा ओसरला की जुन्या गावठाणातली जोती उघडी पडत, आणि आत्याच्या जावा तिथं जाऊन आपल्या घराच्या जात्याची जागा शोधत.

त्या लोकांना तेव्हा सांगण्यात आलं की तुमच्यासाठी वरून पाणी येईल. कुठून? तर नांदूर मध्यमेश्वरहून. तात्यांच्या बंधाऱ्यावरून! इगतपुरीत मुकणे, भावली, भाम, वाकी ही धरणं बांधायची, त्यांचं पाणी नदीनं नांदूर मध्यमेश्वरला आणायचं आणि तिथून जलदगती कालव्यानं वैजापूर-गंगापूरच्या माळांवर न्यायचं. तात्या तोवर थकले होते. पण ही बातमी ऐकून ते अंथरुणात उठून बसले, असं आमची आई सांगायची. "पोरीला माझ्या बंधाऱ्याचं पाणी मिळणार." किती वर्षं लागतील हे त्यांना माहीत नव्हतं. ते बरंच झालं.

या काळात दूर कुठंतरी राज्यांच्या वाटण्या चालल्या होत्या. १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी पाणीतंटा लवाद बसला, १९८० साली अंतिम निवाडा आला. त्याच्या आधीच, ऑक्टोबर १९७५ मध्ये, महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशचा करार झाला होता की पैठणपर्यंतचं गोदावरीचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं. म्हणजे पैठणच्या वर जे भांडण आहे, ते परराज्याशी नाहीच. ते आपलं आपल्याशी आहे.

परराज्याशी आहे ते खाली, नांदेडला. माझे यजमान काही वर्षं तिकडे नोकरीला होते. धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा, पावणेतीन टीएमसीच्या आसपासचा, तेव्हाच्या आंध्रच्या सीमेजवळ. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांना घेऊन तिथं निघाले आणि त्यांना अटक झाली, तेव्हा नांदेडच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. २०१३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला केंद्र आणि दोन्ही राज्यांची समिती. आमच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ कळवळून म्हणायचे, "ऐन पावसात दारं उघडी, मग अडवायचं काय?" तेच गृहस्थ, नाशिकनं जायकवाडीला पाणी सोडलं पाहिजे, हेही तितक्याच कळवळ्यानं सांगायचे. दोन्ही बाबतींत त्यांचं दुःख खरं होतं. या नदीवर जो कुणाच्या तरी खाली आहे तोच कुणाच्या तरी वर आहे. एकटा नाशिक जिल्हा तेवढा सगळ्यांच्या वर. म्हणून आपल्यावर जबाबदारीही जास्त, असं मला वाटतं, आणि नाशिकमध्ये हे बोललेलं पुष्कळांना आवडत नाही.

आता घरातल्या भांडणाकडे येते. जायकवाडीच्या नियोजनात धरलं होतं त्यापेक्षा वर पुष्कळ जास्त पाणी अडलं. नगर-नाशकात धरणामागून धरण झालं. नाशिक वाढलं, सातपूर-अंबडचे कारखाने वाढले, एकलहऱ्याचं वीज केंद्र आलं, आणि निफाड-दिंडोरीत द्राक्षं आली. आमच्या चुलतभावानं उसाची जमीन मोडून द्राक्षबाग लावली ती याच लाटेत. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि एका खोऱ्यातल्या सगळ्यांनी टंचाई सारखी वाटून घ्यावी, हे तत्त्व कागदावर आलं. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, २०१४ च्या सप्टेंबरात प्राधिकरणाचा आदेश, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. सोप्या भाषेत सांगायचं तर १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्यांनी पाणी सोडायचं.

२०१५ चं साल मी विसरणार नाही. त्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थ होता. आत्या ऐंशीकडे झुकलेली, पण स्नानाला आली, आमच्याच घरी उतरली. पाऊस कमी होता. मग ऑक्टोबरात आदेश निघाला: १२.८४ टीएमसी सोडा. नाशिकमध्ये मोर्चे, धरणावर ठिय्या, कोर्टकचेरी. पाणी सुटलं की मध्येच कुणी उपसू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, पोलीस बसवतात. द्राक्षाची छाटणी होऊन फुटवे निघायचे तेच दिवस. त्याच सुमारास घरात एक साखरपुडा होता. निफाडचा चुलतभाऊ आणि गंगापूरचा आत्येभाऊ, लहानपणी एका ताटात जेवलेले, मांडवात समोरासमोर आले.

"दोन बागा वाळल्या तर कर्ज कोण फेडणार, तू?" एक म्हणाला.

"आमच्या गावाला टँकरची खेप तिसऱ्या दिवशी येते," दुसरा म्हणाला.

जेवणं थंड झाली. आत्या उठली, दोघांच्या मध्ये पाट मांडून बसली आणि म्हणाली, "मला वाढा. मी इकडची बी आहे आणि तिकडची बी." त्यावर कुणाला बोलता आलं नाही. पण मिटलंही नाही काही. पुढे दोघांनी बरेच दिवस एकमेकांना फोन केला नाही.

खालच्यांची बाजू मला २०१६ च्या उन्हाळ्यात पुरती कळली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. औरंगाबादेत मद्यनिर्मितीच्या कारखान्यांना पाणी चालू आहे म्हणून लोक न्यायालयात गेले आणि खंडपीठानं त्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली. पिण्याला पहिलं पाणी, यावर सगळ्यांचं एकमत. दुसरं कुणाला, शेतीला की उद्योगाला, यावर राज्याच्या जलनीतीनंच आपला क्रम बदललाय: २००३ साली उद्योग आधी होता, पुढे शेती आधी आली. आणि शेतीत तरी कुणाच्या? उसाच्या, द्राक्षाच्या, की माळावरच्या बाजरीच्या? माळावरच्या बाजरीच्या बाजूनं कोर्टात उभं राहायला फारसं कुणी नसतं.

वरच्यांचंही ऐकायला हवं. नदीच्या कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी पैठणला पोचेपर्यंत बरंच जिरतं, उडतं. नाथसागर उथळ नि ऐसपैस आहे, तिथंही उन्हाळ्यात बाष्प होऊन जातं. चुलतभाऊ म्हणतो, "माझं गेलेलं सगळं त्याला पोचलं असतं तरी मी गप्प बसलो असतो." हे त्याचं बोलणं मला पटतं.

आणि सगळ्यांत वरचे? आमच्याकडे पूर्वी भात नि नागली घेऊन एक मावशी यायच्या, इगतपुरी तालुक्यातल्या. इगतपुरीत पाऊस असा की चार महिने कपडे वाळत नाहीत. तालुक्यात दारणा, मुकणे, भावली, भाम, वाकी. पलीकडे वैतरणेचं पाणी डोंगरापल्याड मुंबईला जातं. आणि मावशींच्या पाड्यावर चैत्र-वैशाखात बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायच्या. त्यांचीही शिवारं धरणात गेलेली. "आमच्याकडं पाणी फक्त जायला येतं, बाई," त्या म्हणायच्या. जायकवाडीच्या बैठकांच्या बातम्या मी वाचते, तेव्हा नाशिक, नगर, मराठवाडा ही तीन नावं असतात. मावशींचं नाव नसतं.

नाशिकच्या इंदिरानगरला आम्ही राहायला आलो तेव्हा वडाळा-पाथर्डीच्या बाजूला बरीच शेतं होती. गंगापूर धरणाचा उजवा कालवा पूर्वी शहरातून नाशिकरोडकडे जायचा; उपनगराच्या कॅनॉल रोडवरून आता रिक्षा धावतात. या बाजूला वस्ती वाढली तसं पाणी पुरेना, तेव्हा महापालिकेनं मुकणे धरणातून थेट जलवाहिनी आणली. विल्होळीला पाणी शुद्ध होतं आणि आमच्या भागात येतं. पाणी जोरात यायला लागलं तेव्हा सगळ्या सोसायटीत आनंद होता. आत्या तेव्हा आमच्याकडे होती, शेवटचीच ठरली ती खेप. मी तिला तांब्या भरून दिला, पणजोबांचाच, आणि सांगितलं की आता आम्हाला मुकण्याचं पाणी येतं.

ती थबकली. "मुकणं? अगं, ते तर आमच्याकडं यायचं होतं ना?"

मला काय बोलावं कळेना. जे धरण वैजापूर-गंगापूरच्या माळांसाठी म्हणून बांधलं, त्याच्या पाण्यानं मी कपडे धुत होते, मोगऱ्याला घालत होते. कालव्याला पाणी सुटतं, नाही असं नाही. पण शेवटच्या टोकाला, तिच्या शेतापर्यंत, ते क्वचित पोचायचं. आत्यानं तांब्या तोंडाला लावून सावकाश पाणी प्यायलं. मग म्हणाली, "असू दे. माहेरी तर पोचलं." तिच्या मनात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. भाचा स्पेनला शिकायला होता. त्यानं सांगितलं, वलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. कालव्याकालव्यांनी निवडून दिलेले शेतकरी पंच, तोंडी सुनावणी, जागच्या जागी निकाल. शेकडो वर्षं चाललंय. मला आजोळचा ओटाच दिसला. पण इतकं लांब जायला नको. आपल्या दिंडोरीचं वाघाड धरण घ्या. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. तिथं पाणी पोचायचंच नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीनं तिथले शेतकरी एकत्र केले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलं, आणि पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. त्यांची एक रीत मला फार आवडते: पाणी द्यायला सुरुवात शेपटाकडून करायची, शेवटच्याचं भिजलं की मग वर सरकायचं. तात्या असते तर सायकल काढून बघायला गेले असते.

६५ टक्क्यांचा आकडा खाली आणावा, असं अलीकडच्या मांदाडे समितीनं सुचवलंय आणि त्यावरून दोन्हीकडे पुन्हा तापलंय. आकडा किती असावा हे जाणकारांनी सांगावं. मला खटकते ती तारीख. नियम आधीचा असला तरी माणसं एकमेकांशी बोलायला लागतात ती १५ ऑक्टोबरला. तोवर पाऊस पडून गेलेला असतो, कुणाचं धरण भरलेलं, कुणाचं रिकामं, हे उघड झालेलं असतं. बागा छाटलेल्या असतात, ऊस उभा असतो. हातातलं सोडा असं भरल्या घराला सांगायचं, तेही सरकारी आदेशानं नि पोलीस बसवून! फडाचे पंच आखाजीला बसायचे. तेव्हा यंदा कुणाचा फड कोरडा राहील हे कुणालाच ठाऊक नसायचं, आणि प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाऊस कमी झाला तर किती उसाला नाही म्हणायचं, किती नव्या बागा लावायच्या नाहीत, शहरानं किती पाणी पुन्हा वापरायचं, पाड्यांची टाकी आधी भरायची की नाही, हे वैशाखात ठरलं तर ऑक्टोबरात फक्त पाळायचं उरेल. खोऱ्याचं महामंडळ, प्राधिकरण, सगळं आहे आपल्याकडे. इगतपुरी, निफाड, वैजापूर, गंगापूरच्या शेतकऱ्यांना पावसाआधी एका सतरंजीवर बसवणारी जागा नाही.

सरकार कधी करील ते करो. आत्या गेल्यावर तिच्या दिवसांना निफाडचा चुलतभाऊ आला होता, आणि दोघे भाऊ पुन्हा बोलू लागले. आता पावसाळ्यात गंगापूरहून फोन येतो, पूर्वी आत्या करायची तसाच: "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं पाणी?" रामकुंडाजवळच्या या मारुतीवरून नाशिकचा पूर मोजतात, आणि नाशिकला पूर आला की नाथसागर भरणार, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. मी म्हणते, कमरेपर्यंत आलं. पलीकडून मोठ्यानं हसणं ऐकू येतं.

येत्या आखाजीला मी सगळ्यांना निफाडला बोलावलंय. आत्येभाऊ त्याच्याकडचे केसर आंबे आणणार आहे. खापरावरचे मांडे मामेबहीण करील. इगतपुरीच्या मावशी आता नाहीत, पण त्यांची सून येते म्हणालीय, नागलीचे पापड घेऊन. भावांनी आपापल्या गावातली दोन-चार जाणती माणसं आणायची आहेत, पाणीवापर संस्थेतली असली तर उत्तम. जेवण झालं की ओट्यावर बसायचं. बोलायला सुरुवात कुणी करायची यावर चुलतभावानं फोनवर विचारलं, तेव्हा मी सांगितलं, गंगापूरवाल्यांनी, ते शेपटाला आहेत. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "बरं. पण मग इगतपुरीच्या वहिनींना कधी?" तेवढं अजून ठरायचं आहे.